दहा मिनिटं चालू ठेवावं

मी रेल्वेचा माणूस आहे आणि जिथं काम करतो तिथं अजून रेल्वे नाही. होणार आहे म्हणतात. सोहारहून सरहद्दीपलीकडे रूळ टाकायचं काम चालू आहे, कुठंकुठं पुलांचे खांब उभे राहिलेत. पण माझ्या खिडकीखालून आजवर एकही गाडी गेलेली नाही.

सोहार औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीची एक मोठी पत्र्याची शेड आहे. तिच्यात ना रूळ, ना डबे. लोखंडी घोडीवर चढवलेलं एक डिझेल इंजिन आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटफॉर्मची भिंत म्हणून पत्रे उभे केलेत. शेजारच्या थंडगार खोलीत एक कॉम्प्युटर आहे. तो त्या इंजिनाला सारखं सांगत असतो की तू एका वेगवान गाडीच्या पोटाखाली आहेस आणि गाडी पळते आहे. इंजिनाला ते खरं वाटतं. पगार त्याचाच मिळत असल्यामुळे मलाही खरं मानावं लागतं.

माझं वय सत्तावन्न. ओमानमध्ये एकोणीस वर्षं झाली. त्यातली सोळा मस्कतला इमारतींच्या जनरेटरांमागे धावण्यात गेली, शेवटची तीन इथं. बायको मस्कतला दार्सैतच्या फ्लॅटमध्ये राहते, मी सोहारला कंपनीच्या खोलीत. गुरुवारी दुपारी बसने तिच्याकडे जायचं आणि रविवारी पहाटे परत फिरायचं. तीन तास जायला, तीन तास यायला. त्या बसमध्ये मी जितका झोपलोय तितका कुठल्याही पलंगावर झोपलेलो नाही, आणि तरी उतरताना अंग मोडून आलेलंच असतं.

जून महिन्यात कंपनीने आणखी तीन वर्षांच्या कराराचं पत्र माझ्या हातात ठेवलं. सप्टेंबर संपायच्या आत सही करायची किंवा नाही म्हणून कळवायचं होतं. त्या गुरुवारी मी ते पत्र घरी घेऊन गेलो आणि जेवायच्या टेबलावर ठेवलं. बायको मेथी निवडत होती. तिने हात पुसले, पत्र वाचलं, घडी घालून माझ्यापुढं सरकवलं आणि पुन्हा मेथीची जुडी ओढली.

"सही करा नाहीतर करू नका," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, इथं की तिथं. सही केलीत तर इथं, पण नीट इथं. नाही केलीत तर तिथं, नीट तिथं. आणि 'बघू' म्हणालात तर मी चिपळूणला ताईकडे निघून जाते. मग तुम्ही एकटे आरामात बघत बसा."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. चढलेला आवाज कसा उतरवायचा ते मला तीस वर्षांच्या संसारात जमायला लागलं आहे. हिने तर एकेक पान खुडत, भाजीवाल्याला भाव विचारावा तसं विचारलं होतं. आणि मी काय म्हणालो असेन?

"बघू," मी म्हणालो.

तोंडातून गेलंच. ती हसली नाही, रागावलीही नाही. "सप्टेंबर एंडपर्यंत," म्हणाली.

आता माझं हे 'बघू' कुठून आलं ते सांगायला हवं.

आम्ही ओमानला आलो ते दोन वर्षांसाठी. येताना पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं मी ठरवलं, कारण दोनच वर्षांचा प्रश्न होता. गॅसची जोडणी ठेवली. स्कूटर ठेवली, ती दर रविवारी शेजारचे काका किक मारून पाच मिनिटं चालू ठेवायचे. आणि फ्रिज चालू ठेवला. रिकामा. फ्रिज बरेच दिवस बंद ठेवला की त्यातला गॅस जातो, मग तो पुन्हा थंड करत नाही, असं माझं पक्कं मत होतं, अजूनही थोडं आहे. काकांकडे किल्ली होती. त्यांना एवढंच सांगितलं होतं की अधूनमधून जाऊन दार उघडून दिवा लागतो का बघा. सतरा वर्षं आम्ही जुलैत पुण्याला जायचो, दार उघडायचो आणि मी चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला हात लावून यायचो. गुरगुरत असायचा. मला हायसं वाटायचं. मुलगी लहान होती तेव्हा विचारायची, "बाबा, फ्रिज कोणासाठी ऑन आहे?" मी म्हणायचो, आपल्यासाठी.

इकडे दार्सैतला आम्ही काहीच नीट घेतलं नाही. पलंग देश सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतला, सोफा दुसऱ्याकडून, आणि पडदे आधीच्या भाडेकरूंचे, खिडकीपेक्षा वीतभर आखूड. "पुढच्या वर्षी जायचंच आहे," मी म्हणायचो. बायकोला घरघंटी हवी होती. मोठी काही मागणी नव्हे. तिला घरची भाजणी, घरचं थालीपिठाचं पीठ लागतं आणि तिच्या मते इथलं विकतचं पीठ कशालाच चिकटत नाही. बारा वर्षं तिने घरघंटी मागितली आणि बारा वर्षं मी बघू म्हणालो, कारण ती जड वस्तू, परत नेताना विमानात कशी न्यायची. त्यामुळे बारा वर्षं ती पुण्याहून भाजणीच्या पिशव्या कपड्यांत गुंडाळून आणत राहिली. एकदा एक पिशवी फुटली आणि तिच्या चांगल्या साडीला महिनाभर धण्या-जिऱ्याचा वास येत होता. तिने ती साडी न धुता तशीच नेसून मला देवळापर्यंत चालत नेलं होतं. मला कळायला हवं होतं तेव्हा कळलं नाही, एवढंच.

मुलगी शिकून बंगळुरूला नोकरीला लागली. त्यानंतर मला सोहारची नोकरी मिळाली आणि दार्सैतच्या त्या वीतभर आखूड पडद्यांमागे बायको आठवड्यातले पाच दिवस एकटी राहू लागली. शुक्रवारी ती आसपासच्या मुलांना मराठी वाचायला शिकवते. मुलं आपसांत इंग्रजी बोलतात आणि तिच्याशी अडखळत मराठी. ती त्यांना कधी घाई करत नाही. धीर तिच्याकडे भरपूर आहे. त्याच्या जिवावर मी एकोणीस वर्षं काढली.

गाडीचं सांगायचं राहिलं. जिचं ते इंजिन आहे ती गाडी मी एकदाच पाहिली, कंपनीने दोन आठवडे युरोपात पाठवलं होतं तेव्हा. लांब नाकाची, चकचकीत गाडी. डोक्यावर विजेची तार असेल तिथं ती पेंटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा दांडा, वर करून विजेवर पळते. तार संपली की डब्यांखालची डिझेल इंजिनं सुरू होतात, वीज तयार करतात, आणि गाडी न थांबता पुढं जाते. चाकं फिरवणाऱ्या मोटारी त्याच, वीज कुठून येते तेवढंच बदलतं. तार संपते ती जागा जवळ आली तसा मी समोरचा कॉफीचा कप बघत बसलो. ताशी दोनशेच्या आसपास वेग होता. पायाखाली जरा गुरगुर झाली, कॉफीवर एक बारीक वर्तुळ उठलं आणि विरलं. शेजारच्या बाईने पुस्तकातून मान वर केली नाही. मला मात्र गहिवरून आलं. तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे एवढ्याच कामासाठी गाडी थांबवायची, एक इंजिन सोडवायचं, दुसरं जोडायचं, आणि मधल्या वेळात अख्खा प्लॅटफॉर्म भजी खाऊन घ्यायचा.

परत आल्यावर बायकोला हे सगळं हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तारेखालून जाताना डिझेलची इंजिनं नुसतीच वाहून न्यायची?"

"हो."

"आणि तार नसते तिथं ते विजेचं सामान?"

"हो. वजन वाढतं. पण दोन्हीकडे चालते ना."

"चालते," ती म्हणाली. "दमत नसेल, यंत्र आहे म्हणून." आणि उठून दूध तापवायला गेली.

ओमानला येण्याआधी मी महाराष्ट्रात रेल्वेच्या एका डिझेल शेडमध्ये होतो. तिथं एक रीत होती: इंजिन बंद करायचं नाही. काम नसलं तरी, तासन् तास उभं असलं तरी, धडधडत ठेवायचं. बॅटऱ्या कमजोर असायच्या. बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होईल याची कोणी हमी देत नसे. नवा होतो तेव्हा मला हे डिझेलचं जळणं बघवेना. एक दिवस दुपारी मी शहाणपणा केला आणि उभं असलेलं एक इंजिन बंद केलं. ते पुन्हा सुरू झालं नाही. त्याला जी पॅसेंजर न्यायची होती ती दोन तास खोळंबली. लोक स्टेशन मास्तरांच्या खोलीत घुसले. आमचा म्हातारा फोरमन मला ओरडला नाही. त्याने मला चहा पाजला आणि सांगितलं, "साहेब, झोपलेलं पोर आणि चालू इंजिन, दोघांना उगाच हात लावू नये."

मी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून मी कुठलीही चालू गोष्ट बंद केलेली नाही.

सोहारला माझं काम त्या गाडीसाठी सूचना लिहिण्याचं होतं. कुठल्या ठिकाणी चालकाने काय करावं, किती वेळ करावं, कशासाठी करावं. या भागात पुढंमागं अशा गाड्या आल्या तर इथल्या उन्हात त्या टिकतील का, हे बघण्यासाठी इंजिन इथं आणलं होतं. डिझेलवरून विजेवर जातानाचं कलम मी लिहिलं. पेंटोग्राफ वर करावा, तारेची वीज मिळाल्याची खात्री करावी, इंजिन थोडा वेळ मंद चालवून थंड होऊ द्यावं. इथपर्यंत पुस्तकात होतं. पुढं मी माझ्या मनाने लिहिलं: त्यानंतरही दहा मिनिटं चालू ठेवावं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'खबरदारी म्हणून'. कोणी विचारलं नाही. डोक्यावर पांढरे केस असले की लोक प्रश्न विचारायचं टाळतात, आणि त्याचा फायदा मी नेहमीच घेतला आहे.

ऑगस्टमध्ये खऱ्या चाचण्या सुरू झाल्या. भर दुपारी शेडची दारं सताड उघडून बाहेरची झळ आत घ्यायची आणि आम्ही थंड खोलीत काचेमागे बसायचं. त्या दिवशी कॉम्प्युटरने जो प्रवास मांडला होता तो असा: गाडी वाळवंटातून डिझेलवर येते, स्टेशनाजवळ तार मिळते, ती विजेवर जाते, स्टेशनात थांबते, निघते, आणि थोड्याच अंतरावर तार पुन्हा संपते. पुन्हा डिझेल.

स्टेशनापर्यंत सगळं ठीक झालं. इंजिन माझ्या सूचनेप्रमाणे पत्र्यांच्या भिंतींमध्ये मंद गुरगुरत राहिलं. तार संपली आणि कॉम्प्युटरने पूर्ण शक्ती मागितली. इंजिनाने ती तीन मिनिटं दिली. मग तापमानाची लाल रेष ओलांडून ते आपोआप बंद पडलं. आमच्याकडे एकच इंजिन, बाकीची कॉम्प्युटरच्या हिशेबातली. त्याने सगळी बंद धरली. पडद्यावरची गाडी मंदावत उभी राहिली. मग एका कोपऱ्यात डब्यातलं तापमान चढायला लागलं. एकोणतीस, तेहेतीस, अडतीस. डब्यात कोणी नव्हतं. डबाच नव्हता. तरी खोलीतले सगळे त्या आकड्याकडे बघत होते.

पुढचे दोन आठवडे आम्ही फिल्टर साफ केले. युरोपातली मंडळी फोनवरून म्हणत होती, धूळ असेल. मीही छातीठोकपणे म्हणालो, धूळच. इथल्या बातिना किनाऱ्यावरची धूळ तुम्हाला माहीत नाही, पिठासारखी बारीक असते. रेडिएटर उतरवला, धुतला, चढवला. तीनदा चाचणी केली आणि तीनदा इंजिन बंद पडलं. मी रोज खोलीवर जाऊन न जेवता आडवा व्हायचो. दमलो होतो, आणि नुसता कामाने दमलो नव्हतो. सप्टेंबर जवळ येत होता. पत्राचं भिजत घोंगडं तसंच पडलेलं होतं. इथं म्हणावं तर पुण्याचं दार कायमचं लागतं असं वाटायचं, तिथं म्हणावं तर तिथं जाऊन मी करणार काय ते दिसायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दर गुरुवारी घरी जायचो, बायको विचारायची नाही, आणि तिचं न विचारणं मला रविवारपर्यंत पुरायचं.

आमच्या चमूत एक ओमानी इंजिनिअर आहे, जवळच्या सहम गावची, तिशी ओलांडलेली. काळा अबाया, खाली सेफ्टी शूज, आणि हिंदी अशी बोलते की डोळे मिटले तर नागपाड्यात असल्यासारखं वाटावं. घरात बलुची, आणि लहानपण टीव्हीपुढं गेलं, असं ती सांगते. वडिलांची लिंबांची बाग आहे. रोज संध्याकाळी गाडी चालवत ती घरी जाते, आणि रोज मला तिचा हेवा वाटतो. तिसऱ्या चाचणीनंतर ती माझ्या टेबलाशी आली. हातात माझ्या सूचनांचा कागद होता आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ.

"सर, ये दस मिनट क्यूँ?"

"खबरदारी," मी म्हणालो.

"किस चीज़ की?"

मी तिला बॅटऱ्यांचं सांगितलं, शेडचं सांगितलं, खोळंबलेल्या पॅसेंजरचं सांगितलं. फोरमनची म्हणसुद्धा हिंदीत करून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मोठ्या माणसाला मध्ये तोडायचं नाही ही रीत तिच्याकडेही आहे. मग ती म्हणाली, "सर, इंजन मंदा चलता है तो पंखा भी मंदा चलता है. दो दीवार के बीच में वही गरम हवा घूमती है. दस मिनट में इंजन ठंडा नहीं होता, पकता है. फिर आप बोलते हो, दौड़ो."

मी तो कागद माझ्याकडे ओढून रेघेखालची ओळ पुन्हा वाचली.

"चालू नहीं होगा, ये डर है ना? तो बैटरी चेक करो. इंजन क्यूँ जलाते हो?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच तिला कळत नव्हतं, आणि ती उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत उभी होती.

"खलास," ती म्हणाली. "बंद करके देखते हैं. यल्ला, चलो."

त्या दुपारी आम्ही तसं केलं. तार मिळाली, इंजिन पुस्तकाप्रमाणे थोडं निवलं आणि तिने ते बंद केलं. पंखे तारेच्या विजेवर जोरात चालू ठेवले. शेड एकदम शांत झाली. इतक्या महिन्यांत ती शांतता मी ऐकली नव्हती. काचेवर हात ठेवून मी तिथं उभा राहिलो आणि मनात नक्की धरून चाललो की आता हे सुरू होत नाही. तार संपायची वेळ आली. तिने बटण दाबलं. तीन सेकंदांत इंजिन सुरू झालं आणि तासभर पूर्ण शक्तीने चाललं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आनंद मात्र झाला नाही. तीस वर्षं जपलेली भीती तीन सेकंदांत फोल ठरली, तिचं काय करायचं ते कळेना. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली राग होता. राग तिच्यावर नव्हता. त्या जुन्या बॅटऱ्या कधीच्या भंगारात गेल्या, फोरमनही आता नाही, आणि मी अजून त्यांच्या भरवशावर लोकांच्या गाड्या चालवत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी मी दुरुस्तीची नोंद लिहिली. 'दहा मिनिटांची सूचना माझी. तिला तांत्रिक आधार नव्हता. ती काढून टाकत आहे.' खाली सही केली. मॅनेजर म्हणाला, होतं असं, मनाला लावून घेऊ नका. मी नेहमी लावून घेत नाही, म्हणून तर इतकी वर्षं गेली.

टेबलाच्या खणात कराराचं पत्र होतं. ते बाहेर काढलं आणि समोर ठेवून बसलो. पुण्याला परत जायचं आहे का, असं मी स्वतःला पहिल्यांदा सरळ विचारलं. आणि उत्तर आलं की नाही. मला पुण्याला जायचं नव्हतं. मला पुणं फक्त चालू ठेवायचं होतं. जायचं असतं तर दहा वर्षांपूर्वी गेलो असतो. त्या रिकाम्या फ्रिजच्या गुरगुरीवर मी विसंबून होतो, आणि त्या गुरगुरीसाठी एका बाईला वीतभर आखूड पडद्यांमागे बसवून ठेवलं होतं. हे कळल्यावर मला रडू आलं. शेडमध्ये कोणी नव्हतं, म्हणून रडूनही घेतलं.

गुरुवारची बस होती. नेहमीप्रमाणे झोपलो. दार्सैतला उतरून घरापर्यंत चालत आलो. बायकोने चहा टाकला. मी हात धुऊन टेबलाशी बसलो आणि बसमध्ये ठरवून ठेवलेलं वाक्य बोललो.

"शेजारच्या काकांना फोन करतो. फ्रिज बंद करा म्हणून सांगतो."

ती आलं किसत होती. किसायची थांबली नाही. "तो बंदच आहे," म्हणाली.

"म्हणजे?"

"बिघडला. दोन वर्षं झाली. काकांचा मला फोन आला होता. पाणी यायला लागलं होतं खालून."

गेली दोन वर्षं आम्ही पुण्याला गेलो नव्हतो. आधी माझ्या सुट्ट्या मिळाल्या नाहीत, मग चाचण्या लागल्या. मी हिशेब करत बसलो. ज्या दिवसांत मी सोहारच्या खोलीत पडून, तिथं सगळं चालू आहे, असं स्वतःला सांगत होतो, त्या दिवसांत तिथं एक बंद कपाट उभं होतं. आणि तिला ते माहीत होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

तिने चहा गाळला. एक कप माझ्यापुढं ठेवला, एक स्वतःपुढं, आणि बसली.

"तुम्ही नवा घेतला असतात."

खोटं काय बोलणार? घेतलाच असता. त्याच आठवड्यात, इथून फोन करून, आणि काकांना सांगितलं असतं की लावून द्या आणि चालू ठेवा. ती मला माझ्यापेक्षा चांगली ओळखते, आणि दोन वर्षं ते एकटीने सांभाळून बसली होती. तिच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला. तिचा हात आल्याच्या रसाने चिकट होता.

"इथं," मी म्हणालो. "सही करतो. पुण्याचा फ्लॅट विकू."

"इथं म्हणजे कुठं?" तिने विचारलं. "मी दार्सैतला एकटी, तुम्ही सोहारला एकटे. ह्याला इथं म्हणतात का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. इथं आणि तिथं या दोनांतच मी इतका अडकलो होतो की तिसरी खोली मी मोजलीच नव्हती, जिच्यात मी स्वतः राहत होतो.

"सोहारला ये," मी म्हणालो. "मी घर बघतो."

"बघू नका," ती म्हणाली. "घ्या. मी रविवारी बरोबरच येते. शुक्रवारच्या मुलांसाठी आठवड्याआड येऊन जाईन, बसने. मला कोणी तरी न्यायला यायला पाहिजे असं नाही."

"घर मिळेपर्यंत कंपनीच्या खोलीत एकच पलंग आहे."

"असू दे."

"तिथं उकडतं फार."

"असू दे म्हटलं ना."

शनिवारी आम्ही रुवीच्या बाजारात जाऊन घरघंटी घेतली. दुकानदाराने विचारलं, कुठं पोहोचवायची? मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, सोहार. पत्ता नंतर कळवतो. तो इन्शाल्ला म्हणाला आणि लिहून घेतलं.

रविवारी पहाटे आम्ही दोघं बसमध्ये बसलो. तिने खिडकी घेतली. उजाडल्यावर वाटेत कुठंतरी रस्त्याच्या कडेला पुलाचे नवे खांब दिसले, वर काहीच नसलेले. तिने मला कोपराने ढोसलं.

"हीच का तुमची रेल्वे?"

"असेल. किंवा नुसता रस्त्याचा पूल असेल."

"इथून गाडी कधी जाणार?"

जिभेवर 'बघू' आलं होतं ते मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. एकोणीस वर्षांची झोप असावी, सोहार येईपर्यंत हलली नाही. मी त्या बसमध्ये पहिल्यांदाच जागा राहिलो.